गिटार घ्यायला जाताना चार एटीएम कार्डे खिशात ठेवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की उन्हाळी छंदवर्गांच्या याद्या येऊ लागतात. पोहणे, चित्रकला, अबॅकस यांच्या रांगेत आता गिटारही हमखास असते. एप्रिलमध्ये हौसेने घेतलेली ही गिटार जूनमध्ये शाळा उघडल्या की कपाटावर चढते आणि घरच्यांचे निदान ठरलेले असते: पोराला कशाचाच नाद टिकत नाही. आम्ही सोलापुरात गिटार शिकवणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी आहोत आणि हे निदान आम्हाला मान्य नाही. बहुतेक वेळा दोष वाद्यात असतो, तो डोळ्यांना दिसतो आणि पट्टीने मोजता येतो. तो काढला नाही तर पोर गुणी असले तरी सोडून देते, आणि ते बरोबरच करते.

पहिला दोष तारांच्या उंचीचा. सतारवाले ज्याला पडदा म्हणतात त्याला गिटारवाले फ्रेट म्हणतात. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो. तिथे तार फ्रेटपासून किती वर आहे हे पाहायचे. मोजपट्टी जवळ नसते, पण एटीएम कार्ड असते. उठावाची अक्षरे नसलेले सपाट कार्ड कुठल्याही बँकेचे असो, ०.७६ मिलिमीटर जाड असते. जाड सहाव्या तारेखाली बाराव्या फ्रेटवर तीन कार्डे सरकावीत आणि चौथे अडावे. बारीक पहिल्या तारेखाली दोन सरकावीत आणि तिसरे अडावे. स्वस्तातल्या ३८ इंची गिटारीत पाच-सहा कार्डे विनासायास आत जातात. अशा तारा दाबताना मोठ्या माणसाची बोटेही दुखतात, आठवीतल्या मुलीचे तर विचारूच नका. हे माप लोखंडी तारांचे झाले. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीत उंची जास्तच असते, तिथे सहाव्या तारेखाली पाच आणि पहिलीखाली चार कार्डे गेली तरी चालते.

उंची तीन जागी बिघडते आणि दुरुस्ती त्याच क्रमाने करावी लागते: आधी मान, मग नट, शेवटी सॅडल. क्रम उलटा केला की केलेले काम वाया जाते.

मानेला अगदी किंचित पोक हवा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे पेटीला मिळते त्या (बहुधा चौदाव्या) फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे सातव्या फ्रेटवर तारेखाली वहीच्या दोन-तीन कागदांएवढी फट राहिली पाहिजे. त्याहून जास्त असेल तर मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कसायची. फट मुळीच नसेल तर उलट दिशेने सैल करायची. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही. मग सूर पुन्हा मिळवून फट पुन्हा पाहायची. चावी जड लागली तर हात थांबवावा. सळईचे आटे गेले तर मान उघडण्याचा खर्च गिटारीच्या किमतीहून जास्त होतो.

नट म्हणजे खुंट्यांकडची खाचांची पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. तिथे एक साधा कागद जेमतेम जावा. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबलेला स्वर चढा लागतो आणि पूर्ण बोट आडवे टाकून वाजवायची एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) कधीच येत नाही. ‘एफला अडकलो’ म्हणून गिटार ठेवून देणारे निम्मे लोक या खाचेला अडकलेले असतात. खाच खोल करणे मात्र घरी करू नये. कानस एकदा जास्त फिरली की मोकळी तार झणझणू लागते आणि नट नवा बसवावा लागतो.

सॅडल घरी करता येते. पेटीवर तारा जिथे अडकवतात त्या घोडीतली पांढरी पट्टी ती. बारावा फ्रेट मध्यावर असल्यामुळे तिथली उंची १ मिलिमीटर उतरवायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. लोक १ च घासतात आणि काही फरक पडला नाही म्हणतात. तारा सैल करून पट्टी काढा, तळाच्या बाजूने पेन्सिलीने रेघ मारा, १२० नंबरचा पॉलिशपेपर आरशाच्या काचेवर ठेवून पट्टी सरळ उभी धरून तळच घासा. शहाबादी फरशीवर घासू नका, तिला उंचसखल असते आणि पट्टीचा तळ गोल होतो. पिकअपवाल्या, म्हणजे स्पीकरला जोडता येणाऱ्या, गिटारीत तळ वाकडा झाला तर एखादी तार स्पीकरमधून ऐकूच येत नाही. घोडीच्या वर पट्टी निदान २ मिलिमीटर शिल्लक राहिली पाहिजे, नाहीतर तारेला बाक मिळत नाही आणि आवाज मरतो.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या गाणाऱ्या घरांना लवकर कळते. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तार घोडीला किंचित घासून उठणारा झंकार, हवी असते, गिटारला ती नको असते. दोन्हीकडे घोडी आणि तार यांच्यातल्या केसभर अंतराचाच खेळ आहे. मिरजेच्या कारागिराचा हात घोडीवर कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे त्याला सॅडल घासण्याची भीती वाटायचे कारण नाही.

माळ्यावरून काढलेल्या आजोबांच्या गिटारीबद्दल वेगळे सांगायला हवे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलची कांडी सरकवून वाजवतात. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी याच पद्धतीने रागसंगीत वाजवले आणि एका पिढीला हे वाद्य ओळखीचे करून दिले. त्या वादनात तारा फ्रेटला लागूच नयेत म्हणून नटावर एक उंच धातूची पट्टी चढवलेली असते. नटाजवळ तारा बोटभर उंच दिसल्या तर समजावे की गिटार त्या जातीची आहे. तिच्यावर कॉर्ड दाबायला लावणे म्हणजे मुलाला शिक्षाच. बहुतेक वेळा ती पट्टी तारा सैल केल्यावर निघून येते आणि खाली साधा नट असतो. मान मात्र आधी तपासा. जुन्या हवाईयन गिटारींना बहुधा सळई नसते, आणि मान वाकली असेल तर ती गिटार कांडीनेच वाजवावी. तेही सुंदर वादन आहे.

तारांच्या जाडीकडे दुकानात कोणी पाहत नाही. नव्या गिटारीवर बहुधा १२ चा सेट असतो, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच. सुरात लावल्यावर या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या वर जातो. शिकणाऱ्याने १० चा सेट लावावा. आवाज थोडा बारीक होतो, पण बोटे वाचतात. ताण कमी झाल्यामुळे मान थोडी सरळ होते आणि तारा झणझणू शकतात, म्हणून मानेची फट पुन्हा पाहावी. अजून हलके हवे असेल तर पैसे न घालता एक उपाय आहे: सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. ताण ११ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पूर्ण स्वर उतरवल्या तर २० टक्के. मूळ स्वर हवे असतील तेव्हा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावला की काम झाले. निवृत्तीनंतर शिकायला बसणाऱ्यांसाठी, सांधे धरणाऱ्यांसाठी हा उपाय फार चांगला. क्लासिकल गिटारीवर मात्र लोखंडी तारा कधीही चढवू नका. ती निम्म्याच्या आसपासच्या ताणासाठी बनवलेली असते, तिची घोडी उखडते.

‘आधी साधी शिक, मग इलेक्ट्रिक घेऊ’ हे पालकांचे वाक्य आम्ही रोज ऐकतो. बोटांच्या दृष्टीने ते उलटे आहे. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बारीक, ९ किंवा १० च्या, आणि उंचीला कमी असतात. हेडफोन लावता येणारा छोटा अँप (आवाज वाढवणारा स्पीकर) घेतला तर शेजारीही खूश. मुलाला तोच आवाज हवा असेल तर त्याला दुसऱ्या आवाजात वर्षभर तंगवू नये.

आता आपल्या हवेबद्दल. गिटारीच्या लाकडाला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पार जातो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. लाकूड आकसते, पेटीचा वरचा पातळ फळा खाली बसतो, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि झणझणतात. फ्रेटची टोके मानेच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. जुलैत हवा ओलसर झाली की फळा फुगतो आणि तारा वर उठतात. म्हणजे ज्या महिन्यात गिटार विकत घेतली जाते त्याच महिन्यात तिचे माप सगळ्यांत खोटे असते. मेमध्ये सॅडल घासू नका. पाऊस सुरू होऊन महिना झाला की मोजा आणि मग घासा.

पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवली तर घोडीखालचा गोंद मऊ होतो आणि वरच्या ताणाने घोडी मागून उचलते. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद शिरू लागला तर ताबडतोब तारा सैल करा, लगेच चिकटवली तर वाचते. कूलरसमोरची भिंत ही गिटार टांगायची सर्वांत वाईट जागा. दिवसभर ओला झोत आणि कूलर बंद झाला की पुन्हा कोरडे, असे लाकूड रोज ताणले-आकसले जाते. गिटार पिशवीत किंवा केसमध्ये ठेवावी. सोबत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा टाकावा आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी तो ओला करून पिळावा. थेंब गळता कामा नये. सोलापुरी चादरीत गुंडाळली तर धूळ आणि मागावरचा कापूस अडतो, कोरडेपणा अडत नाही. फळा प्लायवूडचा असेल तर हे सगळे तो बऱ्यापैकी सोसतो, अखंड लाकडाचा असेल तर सोसत नाही. त्यामुळे पहिली गिटार अखंड फळ्याची घेण्याचा हट्ट इथल्या हवेत तरी धरू नये.

तारांना खोबरेल तेल लावणे बंद करा. धूळ त्यात बसते, तार आठवड्यात मुकी होते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारेच्या वरून आणि खालून पुसणे एवढेच पुरते. आणि शेंगाचटणी खाऊन आल्यावर आधी हात धुवा, हे आमच्या शहरात सांगावेच लागते. रोज वाजवणाऱ्याने तीन महिन्यांनी सहाही तारा बदलाव्यात. एकटी तुटलेली तार बदलली तर तिचा आवाज बाकीच्यांत उपरा लागतो.

सूर लावणे हे पेटी (हार्मोनियम) असलेल्या घराला सर्वांत सोपे, आणि आश्चर्य म्हणजे वर्गांत हे कोणी सांगत नाही. गिटारीच्या सहाही मोकळ्या तारा पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत. सहाव्या तारेपासून पहिलीकडे: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. स्वरांच्या भाषेत, कोणतीही तार षड्ज धरली तर तिच्या शेजारची बारीक तार शुद्ध मध्यम लागते. अपवाद एकच. तिसरीला षड्ज धरले तर दुसरी शुद्ध गंधार असते. म्हणूनच पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार मिळवताना या एका जोडीत चौथा फ्रेट घ्यावा लागतो. हे अंतर कानात बसले की ट्युनरची, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्राची, गरज कमी होते. तोपर्यंत खुंट्यांच्या पट्टीला चिमट्यासारखा लावायचा ट्युनर घ्या. मोबाइलमधले अ‍ॅप हवेतला आवाज ऐकते. शहराच्या पूर्व भागात शेजारी माग चालू असेल तर ते गोंधळते. चिमट्याचा ट्युनर लाकडाचे कंपन ओळखतो, त्याला मागाचा खडखडाट बाधत नाही. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वरून खाली उतरवली तर खुंटीच्या दात्यात ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर पडतो. पहिली तार चुकून वरच्या सप्तकात खेचायला गेलात तर ती तुटणार, आणि तोंड जवळ असेल तर लागेल.

बोटांचे शिक्षण थोडक्यात. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवायचे, दोन फ्रेटच्या मधोमध नाही. मधोमध ठेवले तर जास्त जोर लागतो. बोट नुसते टेकवून तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. स्वर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबा, तेवढाच दाब पुरे. नवशिके त्याहून कितीतरी जास्त दाबतात. पहिले तीन आठवडे रोज दहा-दहा मिनिटे, दोन-तीनदा. रविवारी सलग दोन तास वाजवून फोड येतात आणि बुधवारपर्यंत गिटार हातात घेता येत नाही. आंघोळीनंतर लगेच वाजवू नये, कातडी मऊ असते. बोटांची टोके दुखणे ठीक आहे. मनगट दुखले किंवा बोटाला मुंग्या आल्या तर बैठक चुकते आहे, थांबून ती बदला.

पहिल्या कॉर्ड कोणत्या, यावर बरेच अवलंबून आहे. ई मायनर दोन बोटांची, तिच्यापासून सुरुवात करावी. मग ए मायनर. ए मायनरची आख्खी आकृती एक तार वर जाड तारेकडे सरकवली की ई मेजर झाली. ए मायनरमधले फक्त तिसरे बोट तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेले की सी झाली, बाकी दोन बोटे जागची हलत नाहीत. घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्डमधले बदल मोजावेत. तीस झाले की गाणे धरता येते, साठ झाले की गाता गाता वाजवता येते. एफ पहिल्या दोन महिन्यांत शिकवूच नये. तिच्या जागी पहिली तार मोकळी ठेवून दुसरी तार पहिल्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर आणि चौथी तिसऱ्यावर दाबली की गाण्यात काम भागते.

गिटार टिकण्याचे खरे गणित मात्र गाण्याच्या पट्टीत, म्हणजे षड्ज कुठे धरायचा यात, आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या कॉर्ड मूळ गायकाच्या पट्टीत असतात. घरी गाणारी आई काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाते, वडील काळी एकमध्ये. पोर वाजवते एकीकडे, घर गाते दुसरीकडे. दोन-चार दिवसांनी पोर दार लावून एकटे वाजवू लागते, आणि मग ते वाजवणेही थांबते. यावर तोडगा कॅपोचा. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जी पट्टीतल्या कॉर्डच्या आकृत्या वाजवल्या की काळी चार मिळते, एच्या वाजवल्या की काळी पाच, डीच्या वाजवल्या की काळी दोन. ईच्या आकृत्या पहिल्या फ्रेटवर पांढरी चार देतात, दुसऱ्या फ्रेटवर काळी तीन. काळी एकसाठी सीच्या आकृत्या आणि पहिला फ्रेट असे सगळे सांगतात, पण त्यात एफ येते. त्याऐवजी कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि एच्या आकृत्या घ्या, फक्त ए, डी आणि ई लागतात. जुन्या पेट्या कधी थोड्या चढ्या, कधी उतरलेल्या असतात. अशा वेळी ट्युनर बाजूला ठेवून गिटार पेटीला मिळवावी. पेटी गिटारीला मिळवता येत नाही.

तालाचेही तेच. खाली-खाली-वर-वर-खाली-वर हा जो सर्वत्र शिकवतात तो ठोका केरव्याच्या आठ मात्रांत नीट बसतो: पहिली आणि तिसरी मात्रा खाली, चौथी वर, सहावी वर, सातवी खाली, आठवी वर. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरतो पण तारेला लागत नाही. हात थांबला की ताल गेला. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेला एकच जाड तार, बाकी चार मात्रांना बारीक तारांवर हलका हात. तबलजी मग आपणहून मान डोलावतो. अभंगाला सरसकट कॉर्ड लावण्याचा मोह आवरावा. मालकंस रागात पंचम वर्ज्य आहे आणि प्रत्येक साध्या कॉर्डमध्ये तिचा पंचम असतोच. षड्जावरची कॉर्ड तिथे गाण्यावर चिखल उडवते. अशा वेळी तंबोऱ्यासारखे षड्ज-मध्यम छेडत राहणे पुरते आणि ते फार शोभते.

भजनी मंडळ, गल्लीतला गणपती, नवरात्र, शाळेचे स्नेहसंमेलन: सोलापुरात वर्षभर कोणी ना कोणी गात असते आणि पेटीवाला, ढोलकीवाला तिथे आधीच बसलेला असतो. चार कॉर्ड आणि कॅपो एवढ्यावर त्यांच्या मागे बसून वाजवता येते. वर्गचालकांनी तिसऱ्या महिन्यात मुलांना अशा बैठकीला नेऊन बसवावे. श्रेणीपरीक्षा द्यायच्या त्यांनी जरूर द्याव्यात. त्याने वाचन आणि तंत्र सुधारते, पण आम्ही पाहतो ते असे की परीक्षेच्या तीन तुकड्यांपलीकडे काहीच वाजवता न येणारी मुले प्रमाणपत्र मिळाले की थांबतात. घरी गिटार पिशवीतून काढून हाताशी ठेवावी, असे म्हणायचा मोह होतो, पण आमच्या उन्हाळ्यात ते चालत नाही. जुलै ते जानेवारी बाहेर, स्टँडवर, आणि फेब्रुवारीपासून पुन्हा स्पंजाच्या डबीसह पिशवीत.

शहरातल्या वाद्यविक्रेत्यांना एक विनंती. गिटार गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी १० चा सेट चढवून, मानेची फट पाहून, बाराव्या फ्रेटखाली कार्डे सरकवून दाखवावीत. या कामाचे वेगळे पैसे घ्यावेत, बिलात तसे लिहावे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा गिटार परत आणायला सांगावे, तेव्हा सॅडल घासून द्यावी.

आपले,
गिटार शिकवणारे व दुरुस्त करणारे काही जण,
सोलापूर